दोन गाड्यांच्या सीटा

आमच्या घरचा हातमाग बंद पडल्यावर बाबांनी गाड्यांच्या सीटा शिवायचं काम धरलं. काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याला जुन्या, भारी गाड्यांचा शौक होता. त्याच्या दोन गाड्यांच्या सीटा बाबांनीच शिवल्या.

पहिली अमेरिकी, साठच्या दशकातली, फिकट निळी. ती आमच्या गल्लीत वळायची नाही, म्हणून सीटा काढून हातगाडीवर घरी आणल्या होत्या. पुढची सीट सोफ्यासारखी अखंड, आत स्प्रिंगा आणि काथ्या. महिनाभर ती अंगणात होती आणि मी तिच्यावर बसून शाळेचा अभ्यास केला. दुसरी काळी जर्मन, नव्वदच्या दशकातली. ती आली तेव्हा माझं लग्न ठरलेलं. तिच्या सीटा सुट्या, फोमच्या, वर चामडं. बाबा त्या कामाला वैतागले होते. कापडातला चुकलेला टाका उसवता येतो, चामड्यात भोक तसंच राहतं, असं म्हणायचे.

मागच्या हिवाळ्यात व्यापाऱ्याच्या मुलाचा फोन आला. वडील वारले होते, त्याला एकच गाडी ठेवायची होती. कोणती ठेवावी हे त्याला बाबांकडून ऐकायचं होतं. मी बाबांना बसने काटोलला घेऊन गेले.

बाबांनी दोन्ही गाड्यांच्या शिवणीवरून हात फिरवला. मुलाने विचारलं, आरामाला कोणती बरी?

"मले काय माहीत?" बाबा म्हणाले. "या गाड्या चालत असताना मी आत बसलोच नाही कधी."

हे मलाही कधी सुचलं नव्हतं. मुलगा चाव्या घेऊन आला.

आधी निळी. तिघंही पुढच्याच सीटवर, बाबा मध्ये. संत्र्याच्या बागांमधून गाडी डुलत निघाली. खड्डा आला की तिघं एकदम उचलले जायचो. बाबा हसत होते, मुलाला त्याच्या वडिलांच्या गोष्टी सांगत होते. मग काळी. बाबा पुढे, मी मागे. खड्डे कळले नाहीत, इंजिनही ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर बाबांना डुलकी लागलेली.

उतरल्यावर ते म्हणाले, "काळी चांगली हाय. माणसाले झोप लागते. पण निळीत आपण बोलून राहिलो होतो."

त्यांनी तेवढंच सांगितलं.

आठवड्याने मुलाचा फोन आला. पार्ट मिळत नाहीत म्हणून निळी विकली, असं ओशाळल्या आवाजात म्हणाला. मी ते बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, घेणारा सीटा बदलणार आहे का?

मी परत फोन लावला. नाही, तशाच ठेवणार होता. बाबांनी मान हलवली आणि ते जेवायला बसले.