काकांचा तांब्या

आमच्या तळमजल्यावरच्या काकांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या पनवेलमध्ये शोधून सापडायचा नाही. चहा संपेपर्यंत खुर्चीत टिकले, तर काकू त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेतून ते निवृत्त झाले, आणि तेव्हापासून हातात तांब्या आला. दिसेल त्या फरशीवर पाणी ओतायचं आणि ते मुरतं की वाहतं, हे उकिडवं बसून बघायचं. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी हॉलच्या आवारात तांब्या ओतला, तर मुलाकडच्या एका बाईंना तो आमचा कुळाचार वाटला. त्या लगबगीने हळदकुंकू घेऊन आल्या. काकांनी त्यांना ते वाहू दिलं आणि मग निकाल दिला, की इथे काही मुरत नाही.

वेड खरंच, पण उगाच नव्हतं. पावसात आमच्या पार्किंगचं पाणी थेट मागच्या तळ्यात जायचं, गाड्यांच्या ब्रेकची आणि टायरची भुकटी, तिच्यातलं तांबं, जस्त, शिसं सगळं घेऊन. त्या तळ्यात वाडीवरची एक आजी मासे धरते, तेच तिच्या घरी शिजतात. काकांनी तिला हे मासे खाऊ नका म्हणून बजावलं, तर ती म्हणाली, "मंग खाऊ काय? तुमी पानीच नीट करा ना."

झालं! काकांनी वर्षभर सोसायटीचं डोकं खाल्लं. मी सेक्रेटरी, त्यामुळे माझं जरा जास्तच. शेवटी पार्किंगमध्ये फटी ठेवून ठोकळे बसले, फटींत बारीक खडी, खाली वाळू-खडीचे थर. पाणी फटींतून उतरायचं आणि धातूची भुकटी थरांत अडकायची. रोज सकाळी तांब्या ओतून पाणी गडप झालं, की काका काकूंना हाक मारत. काकू आतूनच "बघितलं हो" म्हणत.

मग काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडे गेले, आणि आम्ही शहाण्यांनी त्यांचं जंगी स्वागत करायचं ठरवलं. त्यांची लाडकी फरशी आम्हाला अर्धवटच वाटायची, शिवाय फटींत कचरा साचायचा. मीच गवंडी बोलावला, सगळ्या फटी सिमेंटने चकाचक बुजवून घेतल्या आणि वर रांगोळी काढली. कसली मेली हौस!

काका आले. रांगोळी छान आहे म्हणाले आणि तांब्या आणायला आत गेले. ओतलेलं पाणी रांगोळीचे रंग घेऊन तळ्याच्या दिशेने निघालं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वाटलं, आता ओरडतील. पण ते नुसते बसून राहिले. त्यांना इतकं स्वस्थ मी कधीच पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली.

"कारखान्याचं पाणी कुठे जातं, हे मी नोकरीभर विचारलं नाही," ते म्हणाले. "तुला मी काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी ते स्क्रूड्रायव्हर घेऊन फटी उकरायला बसले. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं, म्हणून मी तो हातातून काढून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी मी उकरते आणि काका शेजारी खुर्चीवर तांब्या घेऊन चुळबुळत बसतात. पावसाळा तोंडावर आलाय, माझा चहा रोज गार होतो. आजी जाळं खांद्यावर टाकून तळ्याकडे जाताना थांबते.

"झालं का नाय गो?"

"थोडं राहिलंय आजी," मी मान वर न करता सांगते. अर्ध्याहून जास्त राहिलंय.