व्हिएतनामचे तोटे

व्हिएतनामला मी कधी गेलेले नाही, जायची इच्छाही नाही. तरी त्या देशाविषयी पाहुण्यांना आणि गुंतवणूकदारांना आवश्यक अशी माहिती मी घरबसल्या लिहून काढली, कारण साहेबांना वाटलं मी 'त्याच बाजूची' आहे. पुण्याहून हानोई म्हणजे इथून, आयर्लंडच्या कॉर्कहून, जवळजवळ इस्तंबूल. त्यांना कुणी तुर्की शेजारी म्हणालं असतं तर चाललं असतं का, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नोकरीची गरज होती म्हणून गिळलं.

दोन हजार वीसचा हिवाळा. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी, आणि मी लिहितेय हानोईच्या विमानतळावरून शहरात कसं जावं. तो देशही बाहेरच्यांना बंदच होता. कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या आमच्या औषध कारखान्यात मी पॅकिंग लाईनची व्हॅलिडेशन इंजिनियर. म्हणजे लाईन नीट चालते हे चाचण्या घेऊन सिद्ध करायचं आणि खाली सही करायची. तीच लाईन व्हिएतनामला हलवायची का, हे वरिष्ठ ठरवणार होते आणि त्यांच्यासाठी ही पुस्तिका हवी होती. लाईन गेली की माझी जागा गेली. वर्क परमिट माझ्या नावावर, नवरा आणि मुलगी माझ्या परमिटवर. म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता चोराला व्यवस्थित समजावून सांगायचं काम मला दिलं होतं.

मी ठरवलं, खोटं एक अक्षर लिहायचं नाही, पण तोटे असे लिहायचे की वाचणाऱ्याने कानाला खडा लावावा.

"तू लिही, मी तोवर बॅगा काढतो," नवरा म्हणाला. त्याला अशा वेळी विनोद सुचतात.

देश मात्र मेला धड वाईट निघेना. लांबच लांब समुद्रकिनारा, बंदरं, शिकलेली तरुण माणसं, कामाला वाघ. दाट दुधाची कॉफी. रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, संथ चालत राहायचं, दुचाक्या आपल्याभोवतीने जातात. हे वाचून मला पुण्याची इतकी आठवण आली की राग आणखी वाढला. फायद्यांची पानं मी आवळून लिहिली आणि तोट्यांवर मनसोक्त हात चालवला. एकच पक्ष, सरकार कधी बदलत नाही. जमीन कुणालाच विकत मिळत नाही, फक्त भाडेपट्टा. कामगारांच्या संघटना सरकारच्या मुठीत. पहिल्या भेटीत लोक वय विचारतात. आणि त्यांचा नववर्षाचा सण, तेत. तेव्हा कारखाने ओस पडतात, माणूस आईबापाकडे गावी जातो म्हणजे जातोच, आणि त्या दिवसांत तिथे काही सुरू करायचं मनातही आणू नये.

व्हिडिओवर बैठक झाली. साहेबांनी माझे तोटे एकेक करून वाचले आणि प्रत्येकावर त्यांचा चेहरा खुलत गेला. सरकार बदलत नाही? "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत छान, "स्थैर्य आहे." जमीन विकत नाही? "पैसा अडकणार नाही." संघटनेचं वाचून तर ते नुसते हसले. मी लोकशाहीत वाढलेली बावळट बाई, मला वाटलं होतं हे वाचून त्यांना लाज वाटेल. तेतपाशी आल्यावर ते म्हणाले, "ते नंतर बघू."

लाईन गेली. एप्रिलअखेर माझी जागा रद्द, असं मला बोलावून, कौतुक करून सांगण्यात आलं. तोवर तिकडच्या इंजिनियरला सगळं शिकवायचं.

ती माझ्याहून बरीच लहान होती. पहिल्याच कॉलवर तिने वय विचारलं. साहेब खुर्चीत चुळबुळले. मी सांगून टाकलं. वयावरून हाक ठरते हे मला कुणी शिकवायला नको, आमच्याकडे भाजीवालीही आधी बघते आणि मग ताई की काकू ते ठरवते. त्या दिवसापासून ती मला तिच्या भाषेत ताई म्हणू लागली. मला ती मुळीच आवडत नव्हती. कानामागून आली आणि तिखट झाली. वर हुशार, एकदा सांगितलेलं परत विचारायची नाही. माझी जागा जाणार हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटे, मला बढती आहे.

जानेवारीत ती सहज म्हणाली, "ताई, यंदा मी गावी जात नाही. शेवटची चाचणी तेतमध्येच ठेवलीय. गेल्या तेतलाही जमलं नव्हतं."

मी वेळापत्रक उघडलं. खरंच ठेवली होती. लोक गावी जाणार, त्यांच्या जागी नवखे उभे करणार आणि ही त्यांच्यावर पहारा देणार. मला संताप आला. मी स्वतः दोन वर्षं आईला भेटले नव्हते.

"तोट्यांतला एकच खरा तोटा होता, तो तुम्ही वाचला नाहीत," मी साहेबांना सांगितलं. "नवख्या हातांनी घेतलेल्या चाचणीवर मी सही करणार नाही."

"तू स्वतःची नोकरी लांबवायला बघतेयस," ते म्हणाले.

"मग माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाची सही घ्या."

दुसरं कुणी नव्हतं. चाचणी तेतच्या पुढे ढकलली गेली. माझी मुदत मात्र एप्रिलअखेरचीच राहिली. मुलगी तिच्या कॉर्की इंग्रजीत म्हणाली, "मग उपयोग काय झाला, आई?" मी तिला जेवायला बस म्हटलं.

तेतच्या सुट्टीत तिकडच्या त्या इंजिनियरने गावाहून व्हिडिओ कॉल केला. मागे कोंबड्या, पिवळ्या फुलांची कुंडी, आणि शेजारी तिची आई. आईने आधी मी जेवले का ते विचारलं, मग माझी आई कुठे असते ते. पुण्याला, एकटी, असं मी सांगितलं. त्यावर म्हातारी बराच वेळ काहीतरी रागावून बोलली.

"आई विचारतेय, तुम्ही घरी कधी जाणार?"

काय सांगायचं? नवी नोकरी मिळत नव्हती, त्या वर्षी कुणी माणसं घेत नव्हतं.

"एप्रिलनंतर," मी म्हटलं.

तिने ते आईला सांगितलं. म्हातारीचा चेहरा उजळला, तिने दोन्ही हात जोडून पुटपुटत मान लववली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"एप्रिल लवकर येऊ दे, म्हणतेय."