दादाला विचारायचं होतं

आमच्या दादाला स्टेशनवरचे हमाल इंजिन म्हणतात. डोक्यावर ओझं चढलं की तो निघाला. मागे प्रवासी येतोय की हरवला, ते बघायची सोय नाही. मान वळवली तर ओझं जाईल. म्हणून तो कान मागे ठेवून चालतो. चपलांचा आवाज येतोय ना, मग झालं! बोलण्याच्या बाबतीत मात्र हे इंजिन कायम थंड. मुलगी पसंत आहे का, असं विचारल्यावर त्याने नुसती मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे कळायला दोन दिवस लागले, असं वहिनी अजून सांगते.

मी त्याची धाकटी बहीण. याच स्टेशनवर बायकांची वेटिंग रूम सांभाळते, म्हणजे फरशी पुसते आणि भांडणं सोडवते.

जुनं स्टेशन दादाला पायांनी पाठ होतं. फुटकी फरशी लागली की पूल आला, ओल लागली की नळ, उतार लागला की बाहेरचा रस्ता. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की रेल्वे, मेट्रो आणि बस एकाच छपराखाली आणायच्या. आणल्या बाबा! खाली रेल्वे, वर मेट्रो, पलीकडे बस आणि मधे नुसते जिनेच जिने. बसचा बाण वर दाखवतो, वर गेलं की तोच बाण खाली दाखवतो. शहाण्याचीसुद्धा मती गुंग व्हावी. त्यात पाट्या सगळ्या छताला टांगलेल्या. डोक्यावर ट्रंक घेतलेल्या माणसाने वर बघायचं कसं? दादाला दिसते ती खालची फरशी, आणि ती मेली इथून तिथून सारखीच गुळगुळीत. "पायाला काही सांगतच नाही गं ही," असं तो मला एकदा म्हणाला. रस्ता कुणाला विचारायचा तर हमालाची लाज जाते. मग चुकत चुकत फिरतो बिचारा.

आता ताईचं सांगते. ताई आमची थोरली. आई गेली तेव्हा दादा लहान होता आणि मी रांगत होते. आम्हाला दोघांना तिनेच वाढवलं. गेल्या वर्षी भावोजी वारले, आणि ताई भाड्याची खोली सोडून कायमची लेकीकडे राहायला निघाली. लेकीचा संसार आधीच दाटीवाटीचा. फोनवर ताई मला म्हणाली, "जाते बाई. नाहीतर आणखी कुठे जाणार?" ते ऐकून मला रडूच आलं.

वहिनीला सांगितलं तर तिने त्याच दिवशी मागची खोली मोकळी केली, भिंतींना रंगसुद्धा दिला. "पण विचारायचं यांनीच," ती म्हणाली. बरोबरच होतं. घर दादाचं. मी विचारलं असतं तर ताईला वाटलं असतं, भावाच्या मनात नाही, ही आपली मधेच लुडबुडतेय. दादा म्हणाला, "फोनवर नाही जमायचं. ती आली की विचारतो." ताई आमच्या स्टेशनवर रेल्वेने उतरून पलीकडे बस धरणार होती. जे काही विचारायचं ते या दोन गाड्यांच्या मधेच.

ताई उतरली. वाळलेली, केस पांढरे झालेले. दादाने तिच्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि ट्रंक डोक्यावर घेतली. निघालं इंजिन! मागे ताई, तिच्यामागे पिशवी घेऊन मी. मी मनात म्हणते, अरे विचार की! पण तो फरशीकडे बघत तरातरा चाललाय. एक जिना चढलो, पूल ओलांडला, उतरलो, तर पुन्हा रेल्वेच समोर. परत फिरलो, तर मेट्रोचं फाटक. तिथला शिपाई तिकीट मागायला लागला. "बस या अंगाला आहे," दादा म्हणाला आणि तिसऱ्याच अंगाला वळला.

सरकत्या जिन्यापाशी ताई थबकली. "मला नाही बाई जमत. तू त्याच्यामागे जा, नाहीतर ट्रंक जायची. मी लिफ्टने येते." मी धावले. वर पोचते तोच दादाचा आवाज आला.

"ताई, तू लेकीकडे जाऊ नकोस," तो पुढे बघत बोलत होता. "मागची खोली रिकामी आहे. आम्हाला जेवायला वाढून झालं की तू पातेलं खरवडायचीस, तो आवाज मी पांघरुणात ऐकायचो. तुझ्यापुरतं राहिलेलं नसायचं, मला कळायचं. पण भूक लागलेली असायची, म्हणून गप्प पडायचो. आता माझ्याकडे राहा. रोज माझ्या आधी जेव."

मधे बोलावं तर पुन्हा तोंड उघडायचा नाही. न बोलावं तर हे सगळं ऐकायला ताईच नाही! काय करावं सुचेना. तो उत्तराची वाट बघत चालत राहिला. मग हळूच म्हणाला, "बरं. जशी तुझी मर्जी."

"दादा, ताई मागे नाहीये," मी म्हटलं.

तो ट्रंकेसकट गर्रकन फिरला. "मग मी कुणाशी बोललो?"

"माझ्याशी."

"तू कशाला ऐकलंस?" तो माझ्यावरच ओरडला. मग त्याचा चेहरा पडला. "आता पुन्हा नाही गं जमायचं."

लिफ्टपाशी धावलो, ताई नाही. खाली नाही, पुलावर नाही. शेवटी मीच लाज सोडून एका झाडूवाल्याला विचारलं आणि बसपाशी पोचलो. ताई बसच्या दाराशी उभी! एका बाईचं बोट धरून ती सरळ तिथे आली होती.

"कुठे गेला होतात रे?" ती म्हणाली.

"ताई, दादाला तुला काहीतरी विचारायचंय," मी म्हटलं.

"मग विचार की."

दादा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मानेच्या शिरा टरारल्या. "पाणी हवं का?" तो म्हणाला.

"कर्म माझं!" मी कपाळावर हात मारला. "ताई, मघाशी तू मागे आहेस असं समजून हा घडाघडा बोलत होता गं! तोंडावर बोलता येत नाही याला!"

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. मग त्याचे दोन्ही दंड धरले आणि त्याला ट्रंकेसकट सावकाश फिरवलं. त्याची पाठ तिच्याकडे झाली.

"हं, बोल आता," ती म्हणाली. "मी मागेच आहे."

बसवाल्याने हॉर्न मारला. दादाचे खांदे हलायला लागले.

"ताई, जाऊ नकोस ना," तो म्हणाला. आवाज लहान पोराचा.

"बाई, चढताय ना?" कंडक्टर दारातून ओरडला. "सामान द्या, गाडी सुटतेय."

ताईने पदराने डोळे पुसले.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "माझा भाऊ वाट चुकलाय, त्याला घरी पोचवायचंय."