नागावच्या बंगल्यावरचे रविवार

“पाईप घे आणि पाहुण्यांचे पाय धू,” शेठ म्हणाला.

अलिबागजवळ नागावला माडांच्या वाडीत शेठचा बंगला आहे. पाहुणे समुद्रावरून आले होते, पायांना वाळू होती. आत पांढरी लादी. मी बागेच्या नळाला पाईप लावला. पहिल्या पाहुण्याने पाय पुढे केला. तो फोनवर बोलत होता. टाचेची वाळू नुसत्या पाण्याने निघेना, तेव्हा त्याने तिकडे बोट दाखवलं. नुसतं बोट. मी खाली बसलो आणि हाताने ती वाळू काढली.

मी रीफर टेक्निशियन. रीफर म्हणजे थंड कंटेनर. मासळी, द्राक्षं, औषधं त्यातून परदेशी जातात. उरणला बंदराजवळ शेठचं दुरुस्तीचं यार्ड आहे, तिथे मी आयटीआय झाल्यापासून. माझा बाप मिठागरात राबला. खाऱ्या पाण्याने त्याच्या टाचा अशा फाटायच्या की त्याला उभं राहवत नसे. आई कोमट पाण्याने त्याचे पाय धुवायची. पाय धुणं म्हणजे काय ते मी घरात बघितलं होतं. नागावला जे केलं ते दुसरं होतं.

का केलं? कॅनडासाठी.

कुशल कामगार म्हणून मी तिकडचा अर्ज भरला होता. परीक्षा झाली, कागद गेले, आता फक्त वाट बघायची. एजंट म्हणाला, “तिकडून कदाचित तुमच्या मालकाला फोन येईल. हा माणूस आमच्याकडे हेच काम करतो, एवढं तो बोलला की झालं. तोवर मालकाला सांभाळून ठेवा.”

सांभाळून ठेवा. मी सांभाळायला लागलो.

पहिल्यांदा शेठने बंगल्यावरचा एसी बघायला बोलावलं. ते माझंच काम होतं, गेलो. मग फ्रिज. मग बर्फ आणायला. मग अलिबागच्या बाजारातून मासळी. मग जेवणानंतरच्या प्लेटा. मग ते पाय. दर वेळी शेठ हसत विचारायचा, “काय, आला का रे तुझा कॅनडा?” त्याला माहीत होतं की मला नाही म्हणता येणार नाही. आणि त्याला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी दर रविवारी मी करंज्याच्या धक्क्यावरून लाँच पकडून खाडीपलीकडे जायचो. गावात सांगायचो, ओव्हरटाइम हाय.

दिवसातून किती वेळा फोनवर अर्जाचं पान उघडायचो, हिशेब नाही. एकच उत्तर. प्रक्रिया सुरू आहे.

मग शेठ म्हणाला, “मॅडमना तांदळाच्या भाकऱ्या हव्यात. येताना बायकोला घेऊन ये.”

सुवर्णाने लग्नकार्यात नेसायची साडी नेसली. मॅडमसाठी घरचं कोलंबीचं लोणचं बरणीत भरून घेतलं. तिला वाटलं, साहेबांच्या घरी बोलावणं आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.

मॅडमने बरणी हातात घेतली नाही. “तिथे मागच्या पायरीवर ठेव,” म्हणाली. सुवर्णा चुलीपाशी भाकऱ्या थापत राहिली. सगळ्यांचं झाल्यावर आम्हाला मागच्या नळापाशी कागदी प्लेटांत वाढलं. ती जेवली नाही.

संध्याकाळी पाहुणे समुद्रावरून परतले. मी बर्फ फोडत होतो. शेठने इकडेतिकडे पाहिलं आणि सुवर्णाला म्हणाला, “तू धू गं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी खिशातून फोन काढला आणि अर्जाचं पान उघडलं. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी कॅनडाचं उत्तर आलं का ते बघत होतो.

तिने पदर खोचला आणि पाईप उचलला.

एका पाहुण्याने विचारलं, “ये भी जाएगी कॅनडा?”

“जाएगी ना,” शेठ म्हणाला. “वहाँ भी ये सब करने को कोई चाहिए.”

सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

हे लिहिताना अजून कान तापतात. मला कुणी हस म्हटलं नव्हतं. तेवढं मी माझ्या मनाने केलं. इतके दिवस वाटायचं की मी नाटक करतोय, काम निघेपर्यंत वाकतोय. पण त्या हसण्यात नाटक नव्हतं. ते नोकराचं हसणं होतं.

परतीच्या लाँचमध्ये सुवर्णा पाण्याकडे बघत बसली. करंजा जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, “तुमी हसला.”

घरी आल्यावर साडी धुऊन वाळत घातली.

त्या आठवड्यात शेठ यार्डात आला. सगळे चहाला थांबले होते. सगळ्यांसमोर म्हणाला, “रविवारी जरा लवकर ये. बायकोलाही आण. मॅडमना तिचं काम आवडलं.”

“न्हाय येणार,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

“मी न्हाय, ती पण न्हाय. यार्डातलं काम सांगा, करतो.”

शेठ चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, “आणि तिकडून फोन आला तर मी काय सांगू?”

“तुमच्या मनाला येईल ते सांगा.”

शूर वगैरे काही वाटलं नाही. खोललेला कंटेनर जोडायला गेलो. बरोबरचा एक मेकॅनिक जवळ येऊन पुटपुटला, “येडा हायस. थोडे दिवस कळ काढायची.”

दुसऱ्या दिवसापासून मला दुरुस्तीवरून काढून कंटेनर धुवायला लावलं. महिनाभर धुतले. मग ती नोकरी मीच सोडली. आता करंज्याला मासळीच्या शीतगृहात काम करतो. बंगल्यावर सध्या यार्डातला दुसरा माणूस जातो. त्याला परदेशी जायचं नाही, त्याला फक्त नोकरी टिकवायची आहे. मी त्याला भेटून सगळं सांगितलं. पाय धुतले ते, आणि हसलो तेसुद्धा. तो खाली मान घालून ऐकत होता. त्याने काय करायचं ते तो ठरवील. गावात कुणी विचारलं तर तिथेही सांगतो. ओव्हरटाइम म्हणायचं बंद केलं.

अर्जाचं उत्तर अजून आलेलं नाही. शेठला फोन आला की नाही, आला तर तो काय बोलला, मला कळायला मार्ग नाही. सुवर्णाने ते हसणं विसरलेलं नाही. मी विसर म्हणतही नाही.

उत्तर हो आलं तर जाईन, रीफर दुरुस्त करायला जाईन. तिकडे कुणी त्याच्या दारात मला खाली बसवायला बघितलं, तर तिथेही न्हाय म्हणेन, त्यांच्या भाषेत म्हणेन. शेठ खोटं बोलला आणि अर्ज फेटाळला गेला, तर पुन्हा भरीन. पुन्हा फेटाळला, तर इथेच मासळी थंड ठेवीन. पण कुणाच्या एका शब्दासाठी त्याला सांभाळून ठेवणार नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही.