पातेल्यातलं हाड

टास्मानियातल्या मासेमारी बोटींवर आणि खाणकामगारांच्या मेसमध्ये मर्ना ट्रेगेनने तीस वर्षं रांधलं. नवरा गेल्यावर रिकाम्या घरात जीव रमेना, म्हणून ती अंटार्क्टिकाच्या तळावर स्वयंपाकाला आली. हा तिचा पाचवा उन्हाळा. बावीस माणसं तिच्या हातचं खायची आणि तिलाच टोमणे मारायची. तिला तेवढंच हवं होतं.

कोंबडीचा तुकडासुद्धा उघड्यावर जाता कामा नये, हा तिथला कडक नियम. अनेक देशांनी मिळून तो केलेला. कोंबडीतला रोग इथल्या पक्ष्यांना लागला, तर वसाहतीच्या वसाहती आडव्या होतील. म्हणून मर्ना हाडं झाकणाच्या डब्यात भरून स्वतः भट्टीत टाकायची.

त्या शनिवारी ती कच्ची कोंबडी सोलून हाडं वेगळी करत होती आणि आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की असाल तसे बाहेरच्या खांबापाशी जमायचं, हाही नियमच. मर्ना धावली. हातात पातेलं तसंच आहे हे तिला बाहेर आल्यावर कळलं, तोवर वरून झडप पडली होती. स्कुआ! तपकिरी, दांडगा, चोरटा समुद्रपक्षी. अभ्यासासाठी पायात घातलेल्या पिवळ्या कडीवरच्या आकड्यावरून तिने ओळखलं, रोज खिडकीसमोर बसणारा सत्तावीस नंबर. तंगडीचं हाड चोचीत धरून तो टेकडीपलीकडे गेला, पेंग्विनांकडे.

बाकीचे अजून दारात बूट चढवत होते. मर्नाने पातेलं एप्रनखाली घेतलं.

“आग लागली तरी पातेलं सुटत नाही का गं, म्हातारे?” मेकॅनिक डार्सी ओरडला.

ती हसली. एप्रन मात्र तिने आणखी घट्ट धरला.

सांगितलं तर पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत आपलं नाव नसणार, हे ती जाणून होती. आज सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस गेले. सूर्य मावळतच नव्हता. पडदा ओढून ती पडून राहायची आणि कान टेकडीकडे लागलेले असायचे. पक्षी ओरडले की दचकायची, गप्प झाले की जास्तच. सत्तावीस नंबर खिडकीशी आला नव्हता.

चौथ्या दिवशी जेवताना पक्ष्यांचा अभ्यासक कॅलम म्हणाला, “सत्तावीस दिसत नाहीये. आणि उतारावर पेंग्विनाची पाच पिल्लं मरून पडलीत. उद्या चिरून बघतो.”

“हातमोजे घाल रे बाबा,” डार्सी म्हणाला. “जेवायला माझ्या शेजारी बसतोस.”

“उपाशी मेली असतील. दर वर्षीचंच आहे.”

मर्नाला त्याची बोटं दिसत होती. पाव मोडणारी, उघडी. तिने डाव भांड्यात टाकला.

“हात लावू नकोस त्यांना!”

सगळे वळले. तळप्रमुख रोझलिन उठली. “काय झालं, मर्ना?”

मर्नाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

“शनिवारी का नाही बोललीस?”

“घरी पाठवशील म्हणून घाबरले.”

“आणि आता?”

“आता ह्याचा हात बघून घाबरले.”

रोझलिनने उतार सगळ्यांना बंद केला. दुसऱ्या दिवशी कॅलम आणि डॉक्टर नखशिखांत झाकून गेले, नमुने घेऊन आले. तपासणीला दोन दिवस लागले. मर्ना रांधत राहिली. कुणी टोमणा मारला नाही, आणि ती शांतता तिला सोसवेना.

रोग निघाला नाही. पिल्लं उपाशीच मेली होती.

“पिल्लांपुरतं हे खरं,” कॅलम म्हणाला. “सत्तावीस सापडेपर्यंत मी उतार उघडू देणार नाही.”

“आणि झालं ते मला मुख्यालयाला लिहून पाठवावं लागेल, मर्ना,” रोझलिन म्हणाली.

“पाठव. हाड शनिवारी गेलं आणि मी तेव्हा बोलले नाही, तेही लिही.”

दुसऱ्या सकाळी खिडकीवर टकटक झाली. पिवळी कडी. धडधाकट सत्तावीस नंबर मान वाकडी करून आत बघत होता, थेट तिच्या हातांकडे. त्याला हाडाची चव लागली होती.

मर्नाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि कॅलमला हाक मारली.