वसुधाताईंचं पुढचं वाक्य

पुणं मागे पडलं, घाट सुरू झाला, तरी वसुधाताईंनी मांडीवरची नाटकाची संहिता मिटली नव्हती.

"अहो ताई, खिडकीबाहेर तरी बघा जरा!"

"तू बघ. माझं अजून दुसरं पानच पाठ होत नाहीये गं, शैला."

ही तीच बाई, जी एकेकाळी अख्खं तीन अंकी नाटक पाठ करायची, स्वतःचं आणि समोरच्याचंही. मी रंगभूमीवरची जुनी प्रॉम्प्टर. नट अडला की विंगेतून हळूच पुढचं वाक्य सांगायचं, हे माझं काम. वसुधाताई स्टेजवर असल्या की मी खुशाल स्वेटर विणत बसायची. त्यांच्यासाठी मला कधी तोंड उघडावंच लागलं नाही.

मग त्यांच्या यजमानांचं आजारपण आलं आणि ताई टीव्हीवर गेल्या. तिथे सीन हातात पडतो सकाळी. पाठ कोण करणार, कपाळ! कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला सहायक एकेक वाक्य वाचतो, नटाने ते म्हणायचं, थांबायचं, की पुढचं वाक्य. अशी वर्षानुवर्षं ताई घराघरांतली सासू झाल्या. शेवटी लेखकाने त्या सासूला तीर्थयात्रेला धाडलं आणि परत आणायचं विसरला मेला. त्यानंतर काम नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू ठणठणीत आहे. फक्त पाठांतर गेलं ते गेलं.

आता पुण्यातल्या एका निर्मात्याने नव्या नाटकात मोठी भूमिका देऊ केली होती. अट एकच. आधी तासाभराचं एकपात्री लोकांसमोर करून दाखवायचं, कुणीही वाक्य न सांगता. कसं झालं ते मी फोनवर कळवायचं. ताईंनी त्यासाठी माहेर निवडलं, इंदूर. गल्लीतल्या गणपतीत त्या पहिल्यांदा तोंडाला रंग लावून उभ्या राहिल्या, ते गाव. "आपली माणसं आहेत, सांभाळून घेतील," म्हणाल्या, आणि एकही शब्द सांगणार नाही अशी मला शपथ घातली.

सकाळी स्टेशनवर त्यांचे मोठे भाऊ नंदूदादा हजर होते. "आओ, आओ! वसू, तू तर एकदम दुबली होऊन गेलीस गं! आणि या शैलाजी ना? चला, पहले नाश्ता, बाकी सब बाद में."

घरी नाहीच, थेट पोह्यांच्या गाडीवर. वाफेवरचे मऊ पोहे, वर मूठभर शेव, जिरावण (इकडचा आंबटतिखट मसाला) आणि सोबत गरम जिलबी. पोहे आणि जिलबी एकत्र, म्हणून मी नाक मुरडलं आणि दुसरी प्लेट मागितली. ताईंनी नुसते चिवडले. तेवढ्यात पोहेवाल्याने त्यांना ओळखलं. "अरे, आप तो वो टीव्हीवाली सासूमाँ! दीदी को एक जलेबी और दो भिया!" ताईंचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा फुलला. मला मात्र रडूच यायला लागलं.

पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये अडकत, दादांच्या हॉर्नला कंटाळत आम्ही खजराना गणपतीला गेलो. रांगेत ताई पुटपुटत होत्या. मला वाटलं अथर्वशीर्ष, पण ते नाटकच होतं, आणि पहिली चार पानं बिनचूक! गाभाऱ्यासमोर त्या हात जोडून म्हणाल्या, "एवढा एक तास दे. बाकी काही मागत नाही." मीही मनापासून तेच मागितलं.

संध्याकाळी मराठी मंडळाचा हॉल गच्च भरला. मी डाव्या विंगेत, तोंडावर पदर धरून. सुरुवात काय देखणी झाली! जुन्या वसुधाताई! मग एक वाक्य संपलं आणि त्या थांबल्या. हनुवटी किंचित उजवीकडे उचलली, नजर वर. मला कळलं. सेटवर तो सहायक तिथेच उभा असतो. त्या वाट बघत होत्या.

लोकांना वाटलं, अभिनय. कडकडून टाळ्या! पहिल्या रांगेत नंदूदादा डोळे पुसत होते. "क्या बात है, वसू!"

ताईंनी कुठलंतरी पुढच्या पानावरचं वाक्य पकडलं, परत थांबल्या. परत हनुवटी उजवीकडे. मी शपथ मोडली. डावीकडून वाक्य सांगितलं. त्यांनी ते असं उचललं की अंगावर काटा आला. पुढे शेवटपर्यंत मी सांगत गेले, त्या बोलत गेल्या. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्यांचा इतका संताप मला जन्मात आला नव्हता.

आत मेकअपच्या खोलीत गर्दी झाली. "वसुधाजी, तो सिरियलचा डायलॉग एकदा म्हणा ना, प्लीज!" ताई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि सुनेला उंबऱ्यावर अडवण्याचा तो डायलॉग न अडखळता म्हणून दाखवला. पोरींनी शिट्ट्या मारल्या.

सगळे गेल्यावर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कर निर्मात्यांना फोन."

"काय सांगू, ताई?"

"खरं ते सांग. तू होतीस म्हणून झालं."

मी सांगितलं. पलीकडून फक्त "बरं" आलं, भूमिकेचं नावही नाही. कुणीतरी त्यांच्या खुर्चीवर ठेवलेला हार ताईंनी घडी घालावी तसा नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.

परतीच्या गाडीशी दादा शेवेची पिशवी घेऊन उभे. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "पूरा हॉल रो रहा था, वसू! मी तर सगळ्यांना सांगून दिलं, माझी बहीण आता नवीन नाटक घेऊन येणार. कधी येऊन राहिलीस, बोल ना!"

ताईंनी तोंड उघडलं. हनुवटी किंचित उजवीकडे उचलली गेली. तिकडे पाण्याचा नळ होता आणि एक कुत्रं झोपलेलं. दादा हसऱ्या चेहऱ्याने वाट बघत होते.

मी ताईंच्या कानाशी वाकले. "येत्या गणपतीत, दादा. नक्की."

"येत्या गणपतीत, दादा," ताई म्हणाल्या, आणि आवाजाला असा काही ओलावा दिला की दादांनी तिथेच डोळे पुसले, "नक्की."

गाडी सुटली. दादा दिसेनासे होईपर्यंत ताई हात हलवत राहिल्या. मग खाली बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या. मांडीवर संहिता नव्हती, ती त्यांनी माहेरीच ठेवली होती. हनुवटी तशीच उचललेली, आणि माझ्याकडे सांगायला पुढचं वाक्य नव्हतं.