होडी परत पाठवणारी माणसं

एका दुपारीत मी अख्खा कोल्हापूर जिल्हा जन्माला घालायचो. ब्रह्मदेवालाही घाम फुटला असता. मला दोन चहा पुरायचे. काम एवढंच, की सर्व्हरवर खोटी माणसं सोडायची आणि तो कधी आडवा होतो ते बघायचं. त्यासाठी एक ओपन सोर्स टूल होतं, पण त्याला फक्त वेबसाइटशी बोलता यायचं. आमची व्यवस्था पुरासाठी होती: अडकलेल्यानं एसएमएस केला की होडी निघणार. म्हणून टूलला एसएमएस शिकवणारं एक्स्टेन्शन मी लिहिलं.

माझी माणसं भलती सभ्य. एकदा निरोप द्यायची, होडीत बसायची, गप्प.

शेजारच्या टेबलावरचा जोडीदार कुरुंदवाडचा. आईवडील तिथंच, नदीकाठाला. तो स्क्रीन बघून खदाखदा हसला.

"ही कुठली रं माणसं? आमचा म्हातारा पहिली होडी परत लावतोय. म्हशी कुठं बसवू, म्हणतोय. पाणी छातीला लागलं की पुन्हा बोलवतोय. लिव्ह की हे!"

लिहिलं. टेस्टमध्ये सर्व्हर असा आपटला, की जोतिबाच्या डोंगरावरनं ट्रक गडगडावा. कारण होडी नाकारलेलं घर सुटलं असं तो धरायचा, आणि त्या घराची दुसरी हाक रांगेच्या तळाला टाकायचा.

काम देणारे साहेब म्हणाले, "अहो, म्हशी काढा त्यातनं. दुरुस्ती पावसाळ्यानंतर बघू."

"टेस्टमधनं काढशीला साहेब," जोडीदार म्हणाला, "गोठ्यातनं कोण काढणार?"

साहेबांनी दुसऱ्याकडून सभ्य माणसांची टेस्ट करून घेतली. पास झाली.

पाणी चढलं. रस्ते बंद, आम्ही ऑफिसातच. पहिल्या होडीनं जोडीदाराची आई निघाली, जयसिंगपूरच्या शाळेतल्या छावणीत पोचली; वडील गोठ्याशी थांबले. त्यांचा दुसरा निरोप आला आणि तळाला जाऊन बसला. तो वर घ्यायची सोय व्यवस्थेत नव्हतीच. जोडीदारानं फोन लावला.

"आबा, माडीवर जावा."

"जातो की. म्हशी सोडल्यात, पोहतील त्या. तू जेवलास न्हवं?"

फोन तुटला. होडी पोचली तेव्हा माडीवर कुणी नव्हतं. होडीवाल्यानं गल्लीभर हाका मारल्या आणि तसं कळवलं.

तेवढ्यात आईचा फोन. "अरं, हे म्हणालं हुतं दुसऱ्या होडीनं येतो. तुला काय कळलं का?"

जोडीदारानं फोन माझ्या हातात दिला.

"तू बोल," म्हणाला. "खोटी माणसं बनवतोस, तुला काहीबाही सांगता येतंय."